पाठमोरी जोडी

संध्याकाळी ओटा पुसून झाला की मी दुसऱ्या दिवशीच्या चित्राला आवतण देते. त्यासाठी फार काही लागत नाही. खिडकीशी एक छोटं टेबल आहे. त्यावर तळहाताएवढा कागद चिकटपट्टीनं बसवायचा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी भरायचं, ब्रश आडवे ठेवायचे आणि मनातल्या मनात म्हणायचं, आज आवतण घे, उद्या ये. मग त्या कागदाकडे वळूनसुद्धा बघायचं नाही. जेवताना नवरा हमखास विचारतो, आवतण दिलं का, आणि पाहुणा शाकाहारी आहे ना. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी हा विनोद शिळा झालेला नाही, निदान त्याच्या मते.

हे आवतण मी माझ्या मनचं काढलेलं नाही. ते बैलांचं आहे. आमच्या घाटाखालच्या गावांत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या जागेवर लोणी आणि हळद पळसाच्या पानानं चोळतात, आणि बैलाच्या कानाशी जाऊन सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बैल कुठं परगावचा नसतो. तो तिथंच दावणीला बांधलेला असतो. तरी त्याला रीतसर बोलावणं जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडात पुरणपोळी पडल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. लहानपणापासून मला ही रीत फार आवडते. रोजच्या राबत्या जिवाला एक दिवस पाहुणा करायचं. माझ्या डोक्यातली चित्रंही अशीच घरची आहेत, दावणीलाच असतात, पण बोलावल्याशिवाय उठत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

मी बुलढाण्याला कोर्टात लघुलेखक आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवते. साक्षीदार म्हणाला की आकाश हिरवं होतं, तर आकाश हिरवं. माझ्या मताला तिथं काडीची किंमत नाही आणि ते बरोबरच आहे. पण दिवसभर असं दुसऱ्याच्या तोंडचं लिहिल्यावर आपल्याला स्वतःचं काही दिसतं की नाही, अशी शंका यायला लागते. त्या शंकेपोटीच कधीतरी रंगांचा डबा आणला. आता सकाळचा तो तास मी कुणाला देत नाही. त्या वेळी दूधवाल्यानं बेल वाजवली तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

पावसाळ्यात बुलढाण्याला सकाळी ढग खाली येतात. खिडकी उघडली की समोरची गल्ली नसते. समोरच्या घराचा जिना अर्ध्यावर संपतो, कडुनिंबाचा फक्त शेंडा असतो आणि स्टॅंडवरून सुटणाऱ्या बसचा आवाज वरून, आभाळातून आल्यासारखा वाटतो. अशा सकाळी पाहुणे मनमोकळे येतात. एकदा तळ्याच्या मधोमध गोदरेजचं कपाट उभं होतं आणि त्याच्या आरशात बगळे स्वतःला निरखत होते. एकदा आमच्या गच्चीवर वांग्यांचं शेत आलं होतं, जांभळ्या फुलांसकट, आणि शेजारीण तिथं पदर खोचून निंदत होती. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या वेण्या सुटून विजेच्या तारांवर जाऊन बसल्या, तेही मी काढलं आहे. शेजारणीला वांग्यांचं चित्र दाखवलं तर ती म्हणाली, मी एवढी जाड आहे का. तेव्हापासून मी चित्रं दाखवत नाही.

एक नियम मात्र मी पाळते. आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचं नाही. पोपट बोलावला आणि फणी आली तर फणी काढायची. कुणी विचारतात, तुम्हाला रोज सुचतं कसं. त्यांना वाटतं, सुचणं म्हणजे वीज पडणं. मला वाटतं, सुचणं म्हणजे आपण दार उघडं ठेवून गप्प बसणं, आणि गप्प बसणं मला मुळातच अवघड जातं. म्हणूनच तर रोजचा सराव लागतो.

या सरावाचा मला थोडा गर्वही झाला होता. बोलावलं की काहीतरी येतंच, रिकामी सकाळ जात नाही, असं मी मनात धरून होते. बाबांनी बैल मागितले तेव्हा तो गर्व उतरला.

माझं माहेर पिंपळगाव राजाला. तिथं भाऊ शेती बघतो आणि बाबा त्याच्याजवळ असतात. आई गेली, आणि त्यानंतर एका हिवाळ्यात बाबांची म्हातारी बैलजोडी गेली, आधी पांढरा, मग महिन्याभरात तांबडा. बाबांनी त्यांना बाजार दाखवला नव्हता. घरीच म्हातारे होऊ दिले होते. भावानं त्यांच्या आधीच ट्रॅक्टर घेतला होता आणि शेवटची काही वर्षं ते दोघं फक्त चारा खात आणि रवंथ करत. नावं म्हणाल तर ती भावाच्या मुली दर पोळ्याला नवी ठेवायच्या. बाबा त्यांना उजवा आणि डावा एवढंच म्हणत, कारण जुवाखाली ते तसे चालायचे.

जोडी गेल्यापासून बाबांचा पोळा सुटला. पोळ्याच्या दिवशी ते सकाळीच वावरात निघून जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. ताटावर बसायचे नाहीत. भावजय पुरणपोळी वाढून खनपटीला बसायची, पण ते फक्त म्हणायचे, अजून बैल जेवले नाहीत. दोन पोळे असे उपाशी गेले. भाऊ चिडायचा, भावजय डोळे पुसायची, आणि मी बुलढाण्याहून फोनवर शहाणपणा शिकवायचे. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

यंदा श्रावणात भावाचा फोन आला. पोळा झाला की गोठा पाडायचा, तिथं ट्रॅक्टरसाठी शेड करायची, असं ठरलं होतं. ट्रॅक्टर पावसात भिजतोय आणि गोठ्यात आता उंदरांशिवाय कुणी नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलं. बाबा काय म्हणाले, असं मी विचारलं. काहीच नाही म्हणाले, तो म्हणाला. तेच त्याला खुपत होतं.

मी त्या रविवारी घाट उतरून गेले. बाबा गोठ्यातच बसले होते, गव्हाणीच्या कडेला, जिथं आधी पांढऱ्याचं तोंड असायचं तिथं. गोठा झाडलेला होता. दोरखंड गुंडाळून खुंटीला टांगले होते. मी शेजारी बसले. आम्ही दोघं समोरची मातीची, चुना दिलेली भिंत बघत होतो. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू रोज सकाळी काय काय काढतं म्हणे. माहे दोघं आन ना एकडाव. या कोठ्यात आवतन देतो त्यायले. मंग पाडा म्हना तुमचा कोठा."

माझ्या बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. लग्नातसुद्धा जे काही विचारायचं ते जावयालाच विचारलं होतं, मला नाही. म्हणून मी लगेच हो म्हणून बसले. त्यात काय एवढं, असंही म्हणाले. ते दोघं आले तर बाबा पोळ्याला जेवतील, एवढं मला कळलं होतं. न आले तर गोठा तसाच पडेल, आणि मग बाबांचं जेवण पुढच्या कुठल्याच पोळ्याला होणार नाही, हेही कळलं होतं.

त्या संध्याकाळपासून मी बुलढाण्यात बैलांना आवतण द्यायला लागले. कागद नेहमीपेक्षा मोठा घेतला. पाणी दोन पेल्यांत भरलं, एक याचा, एक त्याचा. नवऱ्यानं ते पाहिलं आणि यावेळी विनोद केला नाही.

बैल आले नाहीत. पहिल्या सकाळी आली एक घागर, पितळेची, उलटी वाळत घातलेली. दुसऱ्या सकाळी शेपटीचा नुसता गोंडा आला, खाली गाय नाही की बैल नाही, हवेत माश्या वारणारा. एकदा ढगात एक घुंगरमाळ लोंबकळत होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मग आईचा हात आला, बांगड्यांसकट, त्यात आरतीचं ताट, आणि ताटातली ज्योत वाऱ्यानं वाकलेली. आई पोळ्याला दारात उभी राहायची. बाबा कासरा धरून बैल आणायचे, मागून हाकत, आणि ती पुढून त्यांचे पाय धुवायची, कपाळाला कुंकू लावायची, पोळी भरवायची. मी लग्नानंतरही पोळ्याला माहेरी यायचे आणि तिच्या बाजूला तेलाची वाटी धरून उभी राहायचे. तो हात मी नियमाप्रमाणे काढला. चांगला उतरला. पण मला बैल हवे होते आणि ते हातावर तुरी देऊन रोज कुठंतरी निघून जात होते.

भावाकडून फोटो मागवले. फोनमध्ये पोळ्याचे पुष्कळ फोटो निघाले, पण सगळ्यांत झुली, बाशिंगं, फुगे आणि पुढं उभी पोरं. मधून कुठं एक शिंग, कुठं एक डोळा. भावानं बाबांनाही ते दाखवले होते. बाबा म्हणाले होते, हे झुलीचे फोटो आहेत.

कोर्टात माझं लक्ष लागेना. एका साक्षीत मी बांध लिहायच्या जागी वशिंड लिहून ठेवलं आणि ते वेळेवर दिसलं म्हणून निभावलं. घरी नवऱ्यावर विनाकारण खेकसले. पोळा जवळ यायला लागला तशी माझी झोप पातळ झाली. पहाटेच्या अर्धवट झोपेत मला टापांचा आवाज यायचा, चिखलात रुतून निघणारा, ओलसर. मी उठून टेबलाशी जायचे तर कागद कोरा आणि खिडकीत ढग.

शेवटी मी माझाच नियम मोडला. पाहुणा येत नाही तर त्याला धरून आणू, असं ठरवलं. पोळ्याच्या दोन दिवस आधी रजा टाकली, गेरू, पिवडी, काजळ, चुना आणि डिंक घेतला आणि पिंपळगावला गेले. बाबांना म्हटलं, आज तुम्ही गोठ्यात यायचं नाही. दिवसभर दार लावून मी गव्हाणीवरच्या भिंतीवर बैल काढले. आठवून आठवून काढले. पांढऱ्याच्या लांब पापण्या, कपाळावरचा भोवरा, नेहमी ओली असणारी काळी नाकपुडी. तांबड्याच्या एका डोळ्याखालचा तो पांढरा ठिपका, ज्याला भावाच्या मुली तीट म्हणायच्या. दोघंही भिंतीतून माझ्याकडे बघत होते, आता काहीतरी खायला देईल अशा नजरेनं. मी मागे सरून पाहिलं आणि खरं सांगते, मला माझंच कौतुक वाटलं. एवढं मोठं आणि एवढं जिवंत मी कधी काही काढलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांना हाताला धरून आणलं. ते भिंतीसमोर उभे राहिले. चष्मा पुसला. जवळ गेले, लांब गेले. परक्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर माणूस जसं आदबीनं बघतो तसं त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बैल चांगले हायेत. कोनाचे?"

माझा तिळपापड झाला. दिवसभर वर हात करून खांदे भरून आले होते, केसांत चुना होता आणि हे विचारत होते कोणाचे. मी म्हटलं, तुमचेच आहेत, दुसऱ्या कोणाचे असणार, ही तीट बघा, हा भोवरा बघा. बाबांनी भोवरा बघितला. माझं मन राखायला मान हलवली. मग खाली गव्हाणीवर बसले आणि जरा ओशाळून बोलायला लागले. त्यांचं म्हणणं असं होतं की भोवरा असेलही, तीटही असेल, त्यांना ते ठाऊक नाही. "म्या तं त्यायले जनमभर मांगूनच पाह्यलं वं माय. तोंड तुह्या मायनं पाह्यलं."

 बाबा वखराच्या मागे, डवऱ्याच्या मागे, बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, कासरा धरून बसलेले, असे सगळे बाबा मला एकामागून एक दिसायला लागले, आणि प्रत्येकाच्या समोर दोन पाठी होत्या. पोळ्यालासुद्धा ते मागेच उभे. तोंडाकडून आई आणि तिच्या बाजूला मी. इतके दिवस मी ज्यांना आवतण देत होते ते आईचे बैल होते. बाबांच्या बैलांना बोलावणंच गेलं नव्हतं.

मग बाबाच मला विचारायला लागले. पापण्या खरंच एवढ्या लांब होत्या का. तांबडा खाताना डोळे मिटायचा का. मी सांगत गेले आणि ते ऐकत गेले, आपल्याच घरातल्या माणसाबद्दल कुणी बाहेरच्यानं नवं काही सांगावं तसे. मी त्यांना विचारलं, मागून कसे होते. त्यांनी हातानं हवेत काहीतरी दाखवलं, दोन उंचवटे, मधे खाच. मग म्हणाले, ये, बसून पाह्य.

घरामागे त्यांची जुनी बंडी होती. एक चाक मोडलेलं, दांडी दगडावर टेकवलेली, बाजूनं पावसाळी गवत वाढलेलं. बाबांनी मला पुढच्या फळीवर, त्यांच्या जागेवर बसवलं. मी त्या घरात वाढले, पण त्या जागेवर कधी बसले नव्हते. पोरींना मागे बसवत. समोर काही नव्हतं. जू जमिनीवर पडलेलं, त्याच्या पुढं उकिरडा, मग कपाशी, मग लांब घाटाची निळी ओळ आणि तिच्यावर उतरत असलेला ढग, ज्याच्या आत माझं बुलढाणा होतं. बाबा बाजूला दांडीला धरून उभे होते. त्यांनी काही समजावलं नाही. उजेड कमी होत गेला, कपाशी आधी हिरवी होती ती काळसर झाली, आणि मी डोळे न मिटता, ओठ न हलवता म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या या. यावेळी मी त्यांना कसं दिसायचं ते सांगितलं नाही.

आत जाऊन मी ओल्या फडक्यानं भिंतीवरचे दोघं पुसले. डिंकाचा रंग, पुसताना फार वेळ लागला नाही. वाईट वाटलं. ते वाटणारच. डोळे मात्र पूर्ण गेले नाहीत, चुन्याच्या आत कुठंतरी पुसट राहिले.

सकाळी जाग आली तेव्हा अजून फटफटलं नव्हतं. अंगणात धुकं होतं, घाटाखाली फार क्वचित असतं तसं. मी गोठ्यात गेले, दिवा लावला, आणि मला काही शोधावं लागलं नाही. हात आपोआप खालून सुरू झाला. पुठ्ठ्यांची हाडं, त्यांच्यावरचं ओघळलेलं कातडं, एक शेपटी सरळ आणि एक थोडी बाजूला. पाठीचा खोलगट उतार, मग वशिंड, त्याच्या पुढं मान आणि मानेवर ते जू. पांढरा अर्धं पाऊल पुढं होता. तो असायचाच, हे मला माहीत नव्हतं, पण हातानं तसं काढलं. शिंगांची फक्त टोकं दिसत होती आणि त्या चार टोकांच्या मधे वाट होती, धुळीची, पुढं जाऊन भिंतीत विरघळणारी. कालचे पुसट डोळे त्या धुळीत गेले. मी रंगवत होते असं मला वाटत नव्हतं. मी बसले होते आणि कुणीतरी बंडी हाकत होतं, आणि चाकाचा तो एकसुरी आवाज येत होता, आणि कुठं जायचं ते बैलांना माहीत होतं. चित्र काढताना मला इतकं हलकं आधी कधी वाटलं नव्हतं आणि त्यानंतरही वाटलेलं नाही.

मागं कुणीतरी आल्याचं कळलं ते आवाजानं. बाबा दारात उभे होते, हातात चहाचा कप. त्यांनी जीभ टाळूला लावून तो आवाज काढला होता, बैल चालते करायचा. एकदाच काढला. चहा हिंदकळून त्यांच्या हातावर सांडला होता आणि त्यांना ते कळलं नव्हतं. मी लगेच पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मला रडू येत होतं आणि ब्रश ओला होता.

त्या संध्याकाळी गावभर खांदशेकणी होती. भावजयीनं लोणी काढून दिलं, भावानं बाभळीच्या बांधावरून पळसाची पानं आणली. तो आत येऊन चित्राकडे बघत राहिला आणि पानं गव्हाणीवर ठेवून बाहेर गेला. मग बाबांनी लोण्यात हळद कालवली आणि पान बुडवून सरळ भिंतीला लावलं. माझ्या चित्राला, ओल्या लोण्याचं पान. माझ्या तोंडून अहो बाबा असं निघून गेलं. चित्र खराब होईल, एवढंच माझ्या मनात आलं, कारण शेवटी मी चित्रकार आहे आणि स्वार्थी आहे. त्यांनी ऐकलं नाही. आधी उजव्याच्या खांद्यावर चोळलं, मग डाव्याच्या, जू जिथं बसतं त्या नेमक्या जागेवर, आणि भिंतीत तेलकट पिवळे डाग उतरत गेले. मग पुढं वाकून, शिंगांच्या टोकांशी तोंड नेऊन त्यांनी हळू आवाजात आवतण दिलं. ते डाग पडल्यावर चित्र पूर्ण झालं असं मला वाटलं. त्याआधी ते माझं होतं.

पोळ्याच्या दिवशी बाबा वावरात गेले नाहीत. दारांवर पळसाच्या डहाळ्या लागल्या. भावानं ट्रॅक्टर धुऊन त्याला झेंडूचं तोरण बांधलं आणि मुलींनी त्याच्या बॉनेटला कुंकू लावलं. गावात बैल थोडे आणि ट्रॅक्टर जास्त, पण वाजतगाजत सगळेच निघाले. दुपारी भावजयीनं नैवेद्याचं ताट केलं आणि बाबांच्या पुढं ठेवून बाजूला उभी राहिली.  गेल्या दोन वर्षांची सगळ्यांना आठवण होती.

बाबांनी ताट उचललं आणि गोठ्यात गेले. मी पाठोपाठ गेले. त्यांनी गव्हाणीत दोन पोळ्या ठेवल्या, एक उजव्याच्या खाली, एक डाव्याच्या. पोळ्या बैलांच्या शेपट्यांखाली पडल्या. तोंडं तर भिंतीच्या पलीकडे होती.  सगळं जमवलं आणि हेच राहून गेलं, पाठमोऱ्या बैलांना घास द्यायचा कुठं. आता बाबा म्हणतील, बैल जेवलेच नाहीत. न राहवून मी म्हटलं, "बाबा, त्यायचं तोंड तं तिकडं हाये. खातीन कसे?"

बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला हे कसं कळत नाही, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"तिकून तुही माय उभी हाये ना," ते म्हणाले. "ते चारीन."

मग त्यांनी वाटेच्या दिशेनं, भिंतीकडे, एकदा मान हलवली, कासऱ्याशिवायच. बाहेर येऊन बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुतले, भावाच्या शेजारी पाट ओढून बसले आणि उद्या गोठा पाडायला हरकत नाही, ते निघाले आहेत, असं त्याला सांगितलं. भाऊ खाली मान घालून बसला होता. भावजयीनं पोळी वाढली. बाबांनी ती तुपात बुडवून खाल्ली, आणि मग आणखी एक मागितली.